हजार टँकर पाण्यात एक ग्रॅम

रत्नागिरीत मिरग लागला की घराघरांत खोकला शिरतो. भिंतींना ओल धरते, कपडे वाळता वाळत नाहीत आणि मारुती मंदिरच्या आसपासच्या मेडिकलमध्ये खोकल्याच्या बाटल्यांचा खप वाढतो. त्यातली एखादी बाटली हातात घेऊन मागचं बारीक अक्षर वाचून पाहा. आपल्याकडे भरपूर खपणाऱ्या एका ठरावीक मिश्रणात दर पाच मिलिलिटरमागे ब्रोमहेक्सीन ४ मिलिग्रॅम, ग्वायफेनेसिन ५० मिलिग्रॅम, टर्ब्युटालीन सल्फेट १.२५ मिलिग्रॅम आणि घसा गार करायला मेन्थॉल असतं.

यातलं ब्रोमहेक्सीन आपल्या ओळखीचं निघतं. कोकणात कुंपणाला लावतात त्या अडुळशाच्या पानांत व्हॅसिसीन नावाचं द्रव्य असतं, आणि त्याच्यावरूनच रसायनशास्त्रज्ञांनी ब्रोमहेक्सीन घडवलं. म्हणजे आजीचा काढाच कारखान्यातून फिरून बाटलीत आला. हे द्रव्य खेळाडूला खुशाल चालतं. त्याच्या शेजारी बसलेलं टर्ब्युटालीन मात्र जगातल्या कुठल्याही खेळाडूला, स्पर्धा असो वा नसो, परवानगी काढल्याशिवाय बंद आहे. ते श्वासनलिका सैल करतं. याच कुळातली काही औषधं मोठ्या मात्रेत स्नायूही वाढवतात, म्हणून जवळजवळ सगळं कूळच निषिद्ध यादीत बसलंय. दम्याच्या काही मोजक्या पंपांना ठरावीक मात्रेपर्यंत सूट आहे. खोकल्याच्या सिरपला नाही.

चमचाभर औषधाने काय होतं, असं आपण म्हणतो. काय होतं, ते विरारच्या एका पोराने भोगलं.

पृथ्वी शॉ. २०१८ मध्ये एकोणीस वर्षांखालच्या विश्वचषकाचा विजेता कर्णधार, त्याच वर्षी राजकोटला पहिल्याच कसोटीत शतक. २२ फेब्रुवारी २०१९ रोजी इंदूरला सय्यद मुश्ताक अली स्पर्धेच्या वेळी त्याच्या लघवीचा नमुना घेतला गेला. त्यात टर्ब्युटालीन निघालं. छातीत कफ झाला होता, दुकानातून खोकल्याचं औषध घेऊन प्यायलो, हे त्याने कबूल केलं. क्रिकेट मंडळानेही ते मान्य केलं. कामगिरी वाढवायचा हेतू नव्हता, हेही मान्य केलं. आणि आठ महिन्यांची बंदी घातली.

इथवर ठीक. आता तारखा बघा. नमुना फेब्रुवारीतला. आरोपपत्र १६ जुलैला, निकाल जाहीर ३० जुलैला. बंदी मात्र मागच्या तारखेने, १६ मार्च ते १५ नोव्हेंबर. खेळाडूने लगेच कबुली दिली आणि प्रकरण त्याच्या चुकीशिवाय लांबलं, तर तेव्हाच्या नियमाप्रमाणे बंदीची सुरुवात मागे नेता यायची, पण निदान अर्धी शिक्षा पुढच्या काळात भोगावीच लागायची. जुलैच्या मध्यापासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत चार महिने, म्हणजे बरोबर अर्धी. हिशेब चोख आहे. फक्त मधल्या काळात आयपीएल होऊन गेली होती आणि पृथ्वी त्यात दिल्लीकडून १६ सामने खेळला होता. ३० मार्चला कोलकात्याविरुद्ध ९९ धावांवर बाद झाला, सामना सुपर ओव्हरमध्ये गेला, लाखो लोकांनी पाहिला. कागदावर तो त्या दिवशी बंदीत होता.

यात पृथ्वीचा दोष शोधण्यात अर्थ नाही. नमुना घेतल्यापासून आरोप ठेवेपर्यंत जवळजवळ पाच महिने गेले, त्याचा जाब कोणी कोणाला विचारायचा, हा खरा प्रश्न होता. कारण तेव्हा क्रिकेट मंडळ हेच तपास करणारं, आरोप ठेवणारं आणि शिक्षा देणारंही होतं. राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे नाडा, २००५ पासून होती. पण मंडळ तिच्या छत्राखाली यायला तयार नव्हतं. त्यांचा मोठा आक्षेप ठावठिकाण्याच्या नियमाला होता. निवडक खेळाडूंनी रोज एक तास आपण नक्की कुठे असू हे आधी कळवायचं, त्या तासाला तपासनीस दारात उभा राहू शकतो, आणि बारा महिन्यांत तीन वेळा चुकामूक झाली तर तोही गुन्हा. आपल्या ताऱ्यांनी रोजचा पत्ता द्यायचा म्हणजे काय, असा सूर होता. शेवटी ऑगस्ट २०१९ मध्ये, पृथ्वीच्या निकालानंतर दोन आठवड्यांच्या आत, मंडळ नाडाखाली आलं. केंद्राच्या क्रीडा खात्याने हितसंबंधांच्या गुंत्यावर आधीच बोट ठेवलं होतं.

स्वतःच्या घरचा निवाडा स्वतः करण्याची हौस फक्त आपल्याकडचीच होती असं नाही. टेनिसमध्ये १९९७ साली आंद्रे आगासीच्या नमुन्यात क्रिस्टल मेथ सापडलं. त्याने पुरुष टेनिसच्या संघटनेला पत्र लिहिलं, की सहकाऱ्याच्या पेयात ते होतं आणि आपण चुकून घोट घेतला. संघटनेने मान डोलावली, प्रकरण मिटलं, बाहेर कोणाला कळलंही नाही. बारा वर्षांनी, २००९ मध्ये, आगासीने स्वतःच आत्मचरित्रात लिहून टाकलं, की ते पत्र खोटं होतं. त्यानेच सांगितलं नसतं, तर जगाला कधी कळलं असतं का, शंकाच आहे.

आज ही कामं निदान कागदावर तरी वेगवेगळ्या हातांत आहेत. टेनिससाठी लंडनची आंतरराष्ट्रीय टेनिस इंटिग्रिटी एजन्सी तपास करते, निवाडा स्वतंत्र न्यायाधिकरण करतं, त्याच्या वर स्वित्झर्लंडमधल्या लोझानचा क्रीडा लवाद, आणि या सगळ्यांवर डोळा ठेवून जागतिक उत्तेजकविरोधी संस्था, म्हणजे वाडा. आपल्याकडे २०२२ चा राष्ट्रीय उत्तेजकविरोधी कायदा आला.

पण या संस्थांच्या नावांपेक्षा मला भुरळ पडते ती नमुन्याच्या बाटलीची.

समजा, उद्या रत्नागिरीच्या शिवाजी स्टेडियमवर सराव करणाऱ्या एखाद्या धावपटूला तपासनिसाने गाठलं. त्या क्षणापासून नमुना देईपर्यंत ती सतत कोणाच्या तरी नजरेसमोर. भांडं तिने स्वतः निवडायचं. लघवी निदान ९० मिलिलिटर हवी, आणि ती देताना समोर तपासनीस उभी, तीही डोळे मिटून नव्हे. मग सीलबंद पेट्यांतून एक पेटी तिनेच उचलायची. आत एकाच क्रमांकाच्या दोन काचेच्या बाटल्या, 'अ' आणि 'ब'. तिनेच त्या भरायच्या, तिनेच झाकण फिरवायचं. झाकण एकाच दिशेने फिरतं, कट कट आवाज करत. उलटं फिरवून उघडायची सोयच नाही, प्रयोगशाळेत खास यंत्राने फोडावं लागतं. बाटली दिल्लीच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेकडे जाते तेव्हा तिच्यावर फक्त क्रमांक असतो. ही लघवी ऑलिंपिक विजेत्याची की अकरावीतल्या पोरीची, हे तपासणाऱ्याला कळत नाही. 'अ' मध्ये काही सापडलं तर 'ब' फोडायची मागणी खेळाडू करू शकतो, आणि फोडताना स्वतः हजर राहू शकतो. काही नमुने पुढे दहा वर्षांपर्यंत गोठवून ठेवतात. पुढे नवं यंत्र आलं की जुनी बाटली पुन्हा बोलते. बीजिंग आणि लंडन ऑलिंपिकची कितीतरी पदकं अशीच वर्षांनंतर परत गेली.

(या प्रयोगशाळेचीही परीक्षा होते. दर्जात उणिवा आढळल्या म्हणून वाडाने दिल्लीच्या प्रयोगशाळेची मान्यता ऑगस्ट २०१९ मध्ये थांबवली होती, ती डिसेंबर २०२१ मध्ये परत मिळाली. मधल्या काळात आपले नमुने परदेशवारी करत होते.)

प्रयोगशाळेत काय होतं? लघवीतली हजारो द्रव्यं आधी एका लांब, केसासारख्या बारीक नळीतून पळवून वेगवेगळी करतात. मग प्रत्येकाला विद्युतभार देऊन, फोडून, त्याचे तुकडे अक्षरशः तोलतात. प्रत्येक रेणूचे तुकडे ठरावीक वजनांचे पडतात, त्यावरून तो ओळखायचा. शरीराने औषध पचवून त्याचं रूप बदललं असेल, तर त्या बदललेल्या रूपाचंही वजन यंत्राला पाठ असतं.

टेस्टोस्टेरॉनसारखं द्रव्य तर शरीर स्वतःच बनवतं, मग बाहेरून टोचलेलं कसं ओळखणार? तर कार्बनवरून. कारखान्यातलं टेस्टोस्टेरॉन बहुधा सोयाबीनसारख्या वनस्पतीपासून बनतं, आणि त्यात जड कार्बनचं, म्हणजे कार्बन-१३ चं प्रमाण थोडं कमी असतं. इथे एक गंमत आहे. भाताच्या रोपाची आणि नाचणीच्या रोपाची हवेतून कार्बन घ्यायची तऱ्हा वेगळी. नाचणी, ज्वारी, मका यांच्यात जड कार्बन जास्त मुरतो. त्यामुळे तीन वेळा भात खाणाऱ्या कोकण्याच्या आणि भाकरीवर वाढलेल्या सोलापूरकराच्या अंगातला कार्बनही नेमका सारखा नसतो. मग तपास अन्यायाचा होऊ नये म्हणून प्रयोगशाळा दुसऱ्या कोणाशी तुलना करतच नाही. त्याच माणसाच्या लघवीतलं दुसरं, शरीराने बनवलेलं द्रव्य घेते आणि त्याच्याशी ताडून पाहते. माणूस स्वतःच स्वतःचा साक्षीदार. मला विचाराल तर या सगळ्या व्यवस्थेतला सर्वांत न्यायी भाग हाच.

आता मात्रेचं बोलू. टेनिसमधलं गेल्या काही वर्षांतलं सर्वांत गाजलेलं प्रकरण यानिक सिनरचं. १० मार्च २०२४ ला इंडियन वेल्सला आणि पुन्हा आठ दिवसांनी घेतलेल्या त्याच्या नमुन्यांत क्लोस्टेबॉल या स्टेरॉइडचा अंश निघाला, दर मिलिलिटरमागे शंभर पिकोग्रॅमच्या आसपास. पिकोग्रॅम म्हणजे एका ग्रॅमचे एक लाख कोटी भाग केले तर त्यातला एक. हा आकडा डोक्यात मावत नाही. म्हणून असं समजा, की मे महिन्यात आपल्या वाड्यांवर पाणी घेऊन येतात तसे दहा हजार लिटरचे हजार टँकर एकामागे एक उभे केलेत, आणि त्या सगळ्या पाण्यात मिळून एक ग्रॅम मीठ टाकलंय. ते मीठ या यंत्राला सापडतं. उलट, वरच्या सिरपचा दहा मिलिलिटरचा एक डोस घेतला तर पोटात अडीच अब्ज पिकोग्रॅम टर्ब्युटालीन जातं.

यंत्र इतकं तल्लख झालं, आणि तिथेच न्यायाची खरी पंचाईत सुरू झाली. पूर्वी सापडणारा बहुतेक खरंच घेणारा असायचा. आता हस्तांदोलन, मांसाचा तुकडा, झोपेच्या गोळीतली भेसळ, असलं सगळंच दिसू लागलं. 'आहे' एवढं यंत्र छातीठोक सांगतं. 'कसं आलं' हे ते सांगत नाही.

आणि नियम काय म्हणतो? तुझ्या शरीरात सापडलं, की गुन्हा झाला. हेतू सिद्ध करायची गरज संस्थेला नाही. मग पुढचं ओझं खेळाडूच्या डोक्यावर: द्रव्य कुठून आलं ते दाखव, तेही 'असं झालं असण्याची शक्यता न होण्यापेक्षा जास्त' इतपत पटव, आणि त्यात तुझा दोष नव्हता किंवा फारसा नव्हता हे दाखव. ते जमलं तर शिक्षा कमी, कधी शून्य. नाही जमलं तर स्टेरॉइडसारख्या द्रव्याला साधारण चार वर्षं.

रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेले महामहोपाध्याय पां. वा. काणे यांनी धर्मशास्त्राच्या इतिहासात जुन्या न्यायदानाचं फार बारकाईने वर्णन केलंय. लेख, साक्षी, भोग यांपैकी काहीच पुरावा नसेल तर 'दिव्य' करायचं. त्यातलं तुलादिव्य असं: आरोपीला एकदा तराजूत तोलायचं, मंत्र म्हणायचे, पुन्हा तोलायचं. हलका भरला तर निर्दोष, जड भरला तर दोषी. आज तराजू माणसाला न तोलता त्याच्या लघवीतल्या रेणूंना तोलतो, आणि तो खोटंही बोलत नाही. पण निर्दोष आहेस हे तूच दाखव, ही तऱ्हा मात्र तीच राहिली. याला पर्याय काय, हेही कोणी धड सांगू शकलेलं नाही. हेतू सिद्ध करायची जबाबदारी संस्थेवर टाकली, तर मनातलं कोण वाचणार? प्रत्येक जण 'मला ठाऊक नव्हतं' म्हणेल आणि सुटेल. आगासीचं पत्र आठवा.

सिनरची गोष्ट मात्र एखाद्या रहस्यकथेसारखी उलगडली. त्याचा फिटनेस प्रशिक्षक उम्बेर्तो फेरारा याने इटलीत ट्रोफोडर्मिन नावाचा जखमेवरचा स्प्रे घेतला होता. तिथे तो दुकानात सहज मिळतो. फिजिओ जाकोमो नाल्दीचं बोट साधनांच्या पिशवीतल्या पात्याने कापलं. फेराराने स्प्रे दिला, नाल्दी तो काही दिवस बोटावर मारत राहिला आणि त्याच हातांनी सिनरची मालीश करत राहिला. क्लोस्टेबॉल कातडीतून कातडीत जाऊ शकतं. तज्ज्ञांनी मात्रा तपासल्या, कथेशी जुळतात म्हणाले. स्वतंत्र न्यायाधिकरणाने ऑगस्टमध्ये निकाल दिला: दोष नाही. इंडियन वेल्सचे गुण आणि बक्षिसाची रक्कम गेली, बंदी नाही.

त्या चार-पाच महिन्यांत सिनर खेळत राहिला होता. नमुना सदोष निघताच तात्पुरती बंदी लागते, त्याला दोनदा लागलीही. पण तातडीने अपील केलं, स्प्रेची कथा मांडली, आणि दोन्ही वेळा ती काही दिवसांत उठली. नियमाप्रमाणे हे सगळं गुप्त राहिलं. २० ऑगस्टला बातमी फुटली तेव्हा इतर टेनिसपटू भडकले: आम्हाला वेगळा नियम का? नियम वेगळा नव्हता. वेग वेगळा होता. स्रोत लगेच सापडला आणि तो लगेच मांडायला वकील हजर होते.

वाडाला 'दोष नाही' हे मान्य नव्हतं. तुझ्या माणसांची हयगय ही तुझीच, असा त्यांचा मुद्दा होता. सप्टेंबरमध्ये ते लवादाकडे गेले, पण सुनावणीआधीच, १५ फेब्रुवारी २०२५ ला, तीन महिन्यांवर तडजोड झाली. ९ फेब्रुवारी ते ४ मे. ऑस्ट्रेलियन ओपन नुकती संपलेली, फ्रेंच ओपन अजून यायची. एकही ग्रँड स्लॅम बुडाली नाही. योगायोग असेल. पण न्याय होतो त्याबरोबर तो झालेला दिसावाही लागतो, आणि इथे तो फारच सोयीचा दिसला, हे माझं स्पष्ट मत आहे.

इगा स्विआटेकचंही साधारण असंच. ऑगस्ट २०२४ च्या नमुन्यात ट्रायमेटाझिडीन हे हृदयविकाराचं औषध, मात्रा सिनरहूनही कमी. प्रवासात झोप यावी म्हणून ती घेत असलेल्या, पोलंडमध्ये बनलेल्या मेलाटोनिनच्या गोळ्यांतच ते मिसळलेलं निघालं. गोळ्या प्रयोगशाळेत तपासल्या गेल्या, शंका फिटली, एक महिन्याची बंदी.

आता याच्या समोर सिमोना हालेपला ठेवा. विम्बल्डन जिंकलेली, एके काळची अव्वल. २०२२ च्या अमेरिकन ओपनला रॉक्साडुस्टॅट हे निषिद्ध औषध सापडलं, ऑक्टोबरपासून तात्पुरती बंदी लागली ती उठलीच नाही. न्यायाधिकरणाने सप्टेंबर २०२३ मध्ये चार वर्षं ठोठावली. मार्च २०२४ मध्ये लवादाने ती कापून नऊ महिने केली. तोवर ती सतरा महिने बाहेर बसून होती. नऊ महिन्यांची शिक्षा, सतरा महिने भोगून झालेली. वरचे आठ महिने कोणाच्या खात्यावर टाकायचे, याचं उत्तर कुठल्याच नियमपुस्तकात नाही. पुनरागमन करून ती २०२५ च्या फेब्रुवारीत निवृत्त झाली.

आणि टारा मूर. ब्रिटनची दुहेरीतली खेळाडू. एप्रिल २०२२ मध्ये कोलंबियात बोगोटाला दिलेल्या नमुन्यात बोल्डेनोन आणि नँड्रोलोन ही स्टेरॉइड. मांसातून आलं, असं तिचं म्हणणं. तिथे गुरांना ही द्रव्यं देतात आणि कोलंबियाचाच दुहेरीतला अव्वल खेळाडू रॉबर्ट फराह बोल्डेनोनच्या प्रकरणात गोमांसाच्याच कारणावर २०२० मध्ये निर्दोष सुटला होता. मूर एकोणीस महिने थांबली, डिसेंबर २०२३ मध्ये निर्दोष सुटली, पुन्हा खेळू लागली. टेनिसच्या तपास संस्थेने अपील केलं. जुलै २०२५ मध्ये लवाद म्हणाला, नँड्रोलोनची मात्रा मांसाच्या कथेशी जुळत नाही. चार वर्षं. स्प्रेची रिकामी बाटली दाखवता येते, उरलेल्या गोळ्या तपासायला देता येतात. तीन आठवड्यांपूर्वी खाल्लेलं मांस कुठून आणून दाखवणार?

माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. या खटल्यांत 'फसवलंस का?' हा प्रश्न नावाला असतो. खरा प्रश्न असतो 'स्रोत सापडला का?' आणि स्रोत सापडणं हे नशिबावर, वेळेवर आणि पैशावर ठरतं. औषध तपासून घ्यायला प्रयोगशाळा लागते, मात्रांचं गणित मांडायला तज्ज्ञ लागतो, दोघांची फी लागते. त्याच टर्ब्युटालीनसाठी क्रिकेटपटू युसूफ पठाणला पाच महिने आणि पृथ्वीला आठ महिने, हा फरक त्या मानाने किरकोळ.

मात्रांचं गणित उलटंही फिरतं. जोगेश्वरीत वाढलेला, तीनदा महाराष्ट्र केसरी झालेला नरसिंग यादव. २०१५ च्या लास वेगास जागतिक स्पर्धेत ७४ किलो गटात कांस्य मिळवून त्याने रिओ ऑलिंपिकची जागा आणली. त्या जागेसाठी मल्ल सुशीलकुमार दिल्ली उच्च न्यायालयात गेला, तिथे हरला. आणि मग २५ जून २०१६ च्या नमुन्यात नरसिंगच्या लघवीत मेथँडायनोन हे स्टेरॉइड सापडलं. ५ जुलैच्या नमुन्यातही. आपल्या खाण्यापिण्यात कोणीतरी कालवलं, असं तो म्हणाला. वातावरण असं होतं की देशभर लोकांना ते पटलं. १ ऑगस्टला नाडाच्या समितीने कटाची बाब मान्य करून त्याला सोडलं. तो रिओला पोचला, वजन उतरवत बसला. वाडा लवादाकडे गेली. कुस्ती १९ ऑगस्टला, सुनावणी १८ ला.

त्या सुनावणीत निर्णायक ठरलं ते माँट्रियलच्या प्रयोगशाळेच्या क्रिस्तियान आयोत यांचं मत. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं, की पहिल्या नमुन्यातली मात्रा इतकी होती, की ती पेयात भुकटी कालवून जुळणार नाही, गोळीच पोटात गेली असली पाहिजे. कट झाला याला ठोस पुरावा नव्हता. त्याच दिवशी चार वर्षांची बंदी लागली. भारतात ज्या कथेवर सुटका झाली होती, ती रिओत काही तासांत कोसळली. आपल्या समितीने भावनेच्या भरात निकाल दिला का? मला वाटतं, हो. पण ऑलिंपिकच्या आदल्या दिवशी, इतक्या कमी वेळात, परक्या शहरात माणसाने रसायनशास्त्राचा प्रतिवाद कसा उभा करायचा, हेही कोणी विचारत नाही. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात.

आपल्याकडे हा विषय परका राहिलेला नाही. २०२३ च्या जागतिक अहवालात पाच हजारांवर नमुने तपासणाऱ्या देशांत सदोष नमुन्यांचं प्रमाण भारताचं सर्वांत जास्त होतं, जवळपास चार टक्के. त्यात जाणूनबुजून टोचणारे आहेतच, मैदानांच्या स्वच्छतागृहांत सुया सापडल्याच्या बातम्या आपण वाचल्यात. पण जिममधल्या डब्यातली पावडर, वैद्याची पुडी, घरातलं सिरप यांतून अडकणारेही आहेत. दिवाळीच्या अनारशावरची खसखससुद्धा लघवीत मॉर्फीन दाखवू शकते. म्हणून तर मॉर्फीनसाठी वाडाने मर्यादा ठरवून दिली आहे, तेवढ्याखाली चालतं.

इटलीत निषिद्ध द्रव्य असलेल्या औषधाच्या खोक्यावर डोपिंगची लाल खूण छापावी लागते. ट्रोफोडर्मिनच्या खोक्यावर ती असते. फेराराचं शिक्षण तर औषधनिर्माणशास्त्रातलं. आपल्याकडच्या सिरपच्या बाटलीवर फार तर लाल रेघ आणि 'डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकू नये' अशी सूचना दिसते, आणि ती किती पाळली जाते ते आपण जाणतो. नाडाने औषधाचं नाव टाकून निषिद्ध आहे का हे पाहायचं ॲप काढलंय. खेळणारं मूल घरात असेल तर पावसाळ्याआधी ते फोनवर घ्यावं.

बाकी जबाबदारीचं वाटप नियमपुस्तकात असं आहे: खेळाडूच्या अंगात जे सापडेल ते खेळाडूचं. प्रशिक्षकाने, डॉक्टरने मुद्दाम दिलं, विकलं, लपवलं तर त्यालाही शिक्षा आहे. नुसत्या निष्काळजीपणाला नाही. सिनरने फेरारा आणि नाल्दी दोघांनाही काढलं, तो त्याचा निर्णय होता. जुलै २०२५ मध्ये फेराराला परत घेतलं, तोही त्याचाच. मेडिकलमध्ये चिठ्ठी न बघता बाटली देणारा तर या पुस्तकात कुठेच येत नाही. बंदी संपल्यावर पृथ्वी शॉ १७ नोव्हेंबर २०१९ ला वानखेडेवर आसामविरुद्ध परत उतरला आणि त्याने ६३ धावा केल्या.